विकिपीडियावरचं वाक्य प्रोजेक्टमध्ये उचलण्याआधी ते कसं तपासायचं

प्रोजेक्टच्या दिवसांत मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे "विकिपीडिया वापरला तर चालतो का?" याचं हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही, कारण प्रश्न विचारलेला असतो अख्ख्या साईटबद्दल आणि तुम्ही घेणार असता त्यातलं एखादं वाक्य, एखादा आकडा, एखादी तारीख. एकाच पानावर एक परिच्छेद त्या विषयातल्या जाणकाराने पुस्तकं समोर ठेवून लिहिलेला असतो आणि त्याच्याच खालची ओळ काल रात्री कुणीतरी सहज टाकून गेलेलं असतं, दिसायला दोन्ही सारखंच. त्यामुळे साईट विश्वासार्ह आहे का हा वाद बाजूला ठेवा आणि तुमच्या हातातलं हे एक वाक्य कुठून आलंय ते शोधा, एवढं जमलं की निम्मं काम झालं. ते कसं शोधायचं, कुठे क्लिक करायचं, कुठे फसायला होतं ते सगळं इथे लिहिते आहे. लेख मोठा आहे पण घाई करू नका, एखादं पान शेजारच्या टॅबमध्ये उघडा आणि वाचता वाचता करून बघा.

आधी एक वाक्य घेऊनच बघू

हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: "विकिपीडिया ब्रिटानिकाइतकाच अचूक आहे, हे संशोधनातून सिद्ध झालंय." ब्रिटानिका म्हणजे जुना, नावाजलेला इंग्रजी विश्वकोश. भाषणात, निबंधात, वर्गातल्या वादात सगळीकडे हे फेकलं जातं. आता हे वाक्य मागे मागे नेऊ.

मुळाशी आहे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात डिसेंबर २००५ मध्ये छापून आलेला रिपोर्ट. त्यांनी विज्ञानाच्या विषयांवरचे दोन्हीकडचे लेख जोडीने तज्ज्ञांकडे पाठवले, कुठला लेख कुठला ते न सांगता, आणि ४२ जोड्यांचे वापरण्यासारखे अभिप्राय परत आले. त्यात विकिपीडियात १६२ चुका निघाल्या आणि ब्रिटानिकात १२३, म्हणजे लेखामागे साधारण चार आणि तीन. गंभीर चुका मात्र दोघांकडे चार-चार. ब्रिटानिकाने २००६ मध्ये या पद्धतीवर सविस्तर आक्षेप घेतले आणि रिपोर्ट मागे घ्या म्हणाले, नेचरने घेतला नाही.

आता परत ते वाक्य वाचा. "इतकाच अचूक" कुठून आलं? १६२ आणि १२३ सारखे नाहीत. "संशोधनातून सिद्ध" कुठून आलं? ही नेचरच्या बातमीदारांनी केलेली तपासणी होती, इतर तज्ज्ञांनी आधी तपासून मग छापतात तसा शोधनिबंध नव्हता. शिवाय ती फक्त विज्ञानाच्या विषयांची, फक्त इंग्रजी आवृत्तीची आणि २००५ सालची. विकिपीडिया सुरू झाला १५ जानेवारी २००१ ला, म्हणजे तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता, आणि तेव्हाच्या त्या लेखांमधलं आज काय शिल्लक असेल ते सांगता येत नाही. इतिहासावर, राजकारणावर या रिपोर्टने एक शब्दही काढलेला नाही.

बघा, वाक्य पूर्ण खोटं नव्हतं, पण मूळ जागी गेल्यावर ते केवढं लहान झालं. प्रोजेक्टमध्ये तुम्ही जे लिहायचं ते हे लहान झालेलं, नेमकं वाक्य. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत.

पायरी १: पहिल्यांदा वाचा ते फक्त नकाशा मिळावा म्हणून

विषय नवा असेल तर विकिपीडियापासून सुरुवात करण्यात काहीही गैर नाही, उलट मी तेच करायला सांगते. पण पहिल्या वाचनात कॉपी काहीच करायचं नाही. एक कागद घ्या आणि त्यावर फक्त तीन गोष्टी उतरवा: या विषयात वापरले जाणारे खास शब्द, परत परत येणारी अभ्यासकांची नावं, आणि ज्या मुद्द्यांवर मतभेद आहेत असं पान सांगतं ते मुद्दे. लायब्ररीत किंवा गूगल स्कॉलरवर (शोधनिबंध शोधायची गूगलची सोय) शोधताना हेच शब्द कामाला येतात, कारण विषयाचं नाव आपल्याला माहीत असतं त्यापेक्षा अभ्यासक ते वेगळ्याच शब्दांत लिहीत असतात.

एक लक्षात ठेवा, लेखाच्या सुरुवातीचा भाग हा खालच्या मजकुराचा सारांश असतो, म्हणून तिथे बऱ्याचदा फुटनोट नसतात. सुरुवातीचं वाक्य आवडलं तर तोच मुद्दा खाली कुठे सविस्तर आलाय ते शोधा, आकडा असेल तर तिथला बघा. खाली तो आलाच नसेल तर तिथेच थांबा. उजवीकडच्या माहितीचौकटीचंही तसंच, चौकटीतला आकडा कुणी बदलतो आणि मजकुरातला तसाच राहतो. दोन्ही जुळतात का हे बघायला अर्धा मिनिट लागतो.

पायरी २: पानाची अवस्था

वर पट्टी लावली आहे का बघा, "संदर्भ अपुरे आहेत", "निःपक्षपातीपणाबद्दल वाद आहे" अशा प्रकारची. बरेच जण ती जाहिरातीसारखी ओलांडून पुढे जातात, पण ती पट्टी कुणीतरी पान वाचून लावलेली असते. वाक्याशेजारी "संदर्भ हवा" असं असेल तर ते वाक्य तुमच्यासाठी नाही, विषय संपला. कुलुपाचं चिन्ह असेल तर वाटेल त्याला येऊन एडिट करता येत नाही, म्हणजे बहुतेक वेळा या पानावर खोडसाळपणा किंवा भांडण होऊन गेलेलं असतं. इंग्रजी आवृत्तीत वर तारा असेल तर तो लेख बारकाईने तपासून निवडलेला, आणि हिरवी अधिक खूण असेल तर त्याच्या एक पायरी खालचा "चांगला लेख".

या खुणा उपयोगी आहेत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नका. का ते सांगते.

इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये एक लेख आला, गोव्यातल्या डिचोलीच्या नावाने, १६४० ते १६४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात झालेल्या युद्धाबद्दल. चांगला लांबलचक, फुटनोटांनी भरलेला. त्याच वर्षी त्याला "चांगला लेख" हा दर्जा मिळाला आणि तो तसाच पाच वर्षं राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये तो डिलीट झाला, कारण असं युद्ध कधी झालंच नव्हतं आणि संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकं शोधायला गेल्यावर सापडेनात. आता आपल्यापैकी कुणीही शाळेतला इतिहास आठवून बघा, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, १६४० मध्ये ते दहा वर्षांचे होते, मग मराठा साम्राज्य लढलं कुठून? ज्यांनी दर्जा दिला त्यांनी लेखाची रचना, भाषा, फुटनोटांची संख्या बघितली, पण त्यातलं एकही पुस्तक उघडून बघितलं नाही. खुणेने लेख नीटनेटका आहे एवढं कळतं, तुमचं वाक्य खरं आहे की नाही ते तुम्हालाच बघावं लागतं.

पायरी ३: "इतिहास पहा" आणि "चर्चा"

हे दोन टॅब विद्यार्थी उघडतच नाहीत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण छापील पुस्तकात ही सोय नसते. "इतिहास पहा" वर गेलात की प्रत्येक बदल एकेका ओळीत दिसतो: कधी, कुणी, किती मजकूर वाढला किंवा कमी झाला, आणि का. दोन ओळी निवडून तुलना केली की नेमके कुठले शब्द बदलले ते रंगात दिसतं.

काय शोधायचं? एक म्हणजे तुमचं वाक्य कधी आलं. मागे मागे जात जुनी आवृत्ती उघडा, वाक्य आहे, अजून मागे, आहे, अजून मागे, नाही, म्हणजे मधे कुठेतरी आलं. लांबच्या पानांसाठी विकिब्लेम नावाचं टूल आहे, त्यात शब्द टाकले की ते कुठल्या बदलात आले हे शोधून देतं. वाक्य तीन वर्षांपूर्वी आलं असेल, पानाकडे लोकांचं लक्ष असेल आणि तरी टिकलं असेल तर ठीक, परवा आलं असेल तर सावध. दुसरं म्हणजे एकच गोष्ट कुणी घालतंय आणि दुसरं कुणी काढतंय असं चाललंय का. तसं असेल तर लगेच "चर्चा" उघडा, तिथे दोन्ही बाजू आपापले सोर्स घेऊन भांडत असतात आणि प्रोजेक्टला लागणारा वादाचा मुद्दा तुम्हाला तिथे आयता मिळतो.

खोडसाळपणा लगेच निघतो हे बऱ्याच अंशी खरं आहे. इंग्रजी आवृत्तीत त्यासाठी बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, काम करतात, शिव्या किंवा पान रिकामं करणं असले प्रकार भराभर उलटवले जातात. पण १८६७ चं १८७६ केलं तर तो बदल कुणाच्याही डोळ्यात सहज भरत नाही. आणि ज्या पानावर फारसं कुणी फिरकत नाही तिथे तर चूक आरामात बसून राहते. अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सीगनथॉलर यांच्या पानावर २००५ मध्ये केनेडी हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा खोटा मजकूर कुणीतरी टाकला होता, तो साधारण चार महिने तसाच होता.

पायरी ४: फुटनोट उघडा, खरंच उघडा

हीच मुख्य पायरी, बाकी सगळं घाईत झालं तरी चालेल, ही घाईत करू नका.

फुटनोटचा नंबर दिसला की आपण निवांत होतो, पण नंबर असणं आणि नंबरमागच्या सोर्समध्ये ती गोष्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे कसं बिघडतं ते बघा. समजा एका परिच्छेदात लिहिलंय, "धरणाचं काम १९५८ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच वर्षी कालव्यात पाणी सोडलं", आणि शेवटी चार नंबरची फुटनोट. दोन वर्षांनी कुणीतरी मधे एक ओळ घालतं, "काम चालू असताना ३०० मजूर दगावले". ओळ फुटनोटच्या आधी बसली, त्यामुळे आता वाचणाऱ्याला वाटतं की तीही त्या चार नंबरच्या पुस्तकातलीच आहे. पुस्तकात तिचा पत्ताच नाही. कुणी मुद्दाम फसवलेलं असतं असंही नाही, पण तुमच्या रिपोर्टमध्ये ते ३०० मजूर त्या पुस्तकाच्या नावावर जातात आणि परीक्षकाने पुस्तक वाचलेलं असलं की प्रश्न येतो.

म्हणून प्रत्येक फुटनोटला क्रमाने तीन प्रश्न.

सोर्स अस्तित्वात आहे का? लिंक मेली असेल तर तिचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका, बऱ्याचदा जुनी प्रत मिळते. पुस्तक असेल तर नाव आणि लेखक लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये शोधा. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दिलेला असेल तर साधी परीक्षा आहे: तेरा अंक ओळीने लिहा, आलटून पालटून १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला नाही तर तो नंबर चुकीचा आहे. भाग गेला म्हणजे पुस्तक खरं असं मात्र नाही, पुढे कॅटलॉग बघायचाच. शोधनिबंधाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाईन ओळख क्रमांक) असेल तर तो उघडून नाव आणि वर्ष जुळतंय का बघा. एआयने लिहिलेला मजकूर हल्ली अशा पानांवरही शिरतो आणि त्यातले संदर्भ कधीकधी निव्वळ रचलेले असतात, नाव एकदम भारदस्त आणि डीओआय उघडला की भलत्याच विषयाचा निबंध, त्यामुळे ही तपासणी आता जास्तच गरजेची झालीये.

सोर्समध्ये ही गोष्ट आहे का? पान नंबर दिला असेल तर ते पान वाचा, त्याच्या आधीचं आणि नंतरचंही. मूळ लेखकाने "कदाचित", "काहींच्या मते" असं लिहिलेलं असतं आणि विकिपीडियावर येईपर्यंत ते शब्द गळून पडलेले असतात.

आणि सोर्स या कामाच्या लायकीचा आहे का? कंपनीच्या नफ्याबद्दल कंपनीचंच प्रसिद्धिपत्रक, औषधाबद्दल ते विकणाऱ्याची वेबसाईट, अशांवर वाक्य उभं असेल तर ते वाक्य तेवढंच कच्चं.

तिन्ही प्रश्नांना हो आलं की तुमच्या हातात विकिपीडिया उरत नाही, मूळ पुस्तक किंवा निबंध असतो. संदर्भयादीत तोच द्यायचा. न उघडलेल्या पुस्तकाचं नाव यादीत कधीही टाकू नका, पुस्तक मिळालंच नाही तर वाक्य सोडून द्या.

पायरी ५: गोल फिरून आलेला पुरावा

२००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या पानावर एवढंच जोडलं की याला "ब्राझिलियन आर्डवार्क" असंही म्हणतात. असं कुणीच म्हणत नव्हतं, त्याने ते मनाने घातलं होतं. पण मग वर्तमानपत्रांनी ते उचललं, पुस्तकांतही आलं, आणि नंतर विकिपीडियावर त्याच वाक्याला एका वर्तमानपत्राचा संदर्भ लागला. आता तपासणाऱ्याला फुटनोट दिसते, ती उघडते, त्यात ते नावही आहे. पायरी ४ मधले पहिले दोन प्रश्न पास!

यातून वाचवतात त्या फक्त तारखा. वाक्य पानावर कधी आलं ते तुम्ही पायरी ३ मध्ये काढलंय, सोर्स कधी छापला ते सोर्सवर असतं. सोर्स नंतरचा आणि वाक्य आधीचं, असं निघालं की त्या सोर्सला पुरावा धरू नका, वाक्याच्या जन्माआधीचा सोर्स शोधा. दहा वेबसाईटवर तेच आहे म्हणून खरं असेल असंही धरू नका, दहाही जणांनी एकाच पानावरून घेतलेलं असू शकतं. चॅटबॉटचंही हेच, त्याने विकिपीडियासारखंच उत्तर दिलं तर दोन साक्षीदार मिळाले असं होत नाही, कारण तो शिकलेल्या मजकुरात विकिपीडियाही असतो.

फोटोही तपासा. विजेच्या टोस्टरच्या शोधाचं श्रेय एका स्कॉटिश माणसाला देणारी बनावट कथा २०१२ पासून दहा वर्षं विकिपीडियावर होती, पुस्तकांत आणि बातम्यांत शिरली होती, आणि २०२२ मध्ये ती उघडी पडायला सुरुवात कशाने झाली तर पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला त्या "शोधका"चा जुना फोटो बनावट वाटला म्हणून. फोटो रिव्हर्स सर्चमध्ये (तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधणारी सोय) टाकून बघणं हे कुणालाही जमण्यासारखं काम आहे.

पायरी ६: मराठी आणि इंग्रजी पान शेजारी शेजारी

प्रत्येक भाषेतला विकिपीडिया ही वेगळी आवृत्ती आहे, माणसं वेगळी, मजकूर वेगळा. मराठी आवृत्तीत कमी लोक लिहितात, त्यामुळे चूक दिसायला वेळ लागतो, आणि इंग्रजीवरून भाषांतर करताना फुटनोटाही तशाच उचललेल्या असतात, भाषांतर करणाऱ्याने ती पुस्तकं बघितलेली असतीलच असं नाही. म्हणून आपली आवृत्ती टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. साहित्य, संत, किल्ले अशा विषयांत मराठी पानावर मराठी पुस्तकांची नावं सापडतात जी इंग्रजीत नसतात आणि तेवढ्यासाठी ते पान उघडायलाच हवं. फक्त दोन पानांत फरक दिसला की तो टिपून ठेवा, तपासायची जागा तीच.

लहान आवृत्तीत काय होऊ शकतं याचं उदाहरण म्हणजे स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने तिथले हजारो लेख लिहिले होते आणि हे २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आलं.

पायरी ७: विषय बघून सावधपणा कमी-जास्त करा

गणितातली प्रमेयं, मूलद्रव्यांचे गुणधर्म, व्याकरणाच्या संज्ञा अशा गोष्टींत मी थोडी निवांत असते, एक पाठ्यपुस्तक पडताळलं की पुरतं. हयात व्यक्ती, कंपन्या, चालू घडामोडी, जात-धर्म-सीमा यांचा इतिहास यात प्रत्येक वाक्य तपासा. पैसे घेऊन एडिट करणाऱ्यांनी ते जाहीर करावं असा नियम २०१४ पासून आहे, पण नियम सगळे पाळतातच असं नाही. आरोग्याच्या माहितीसाठी मूळ वैद्यकीय मार्गदर्शिकाच गाठा.

जे पानावर नाही त्याचाही विचार करा. इंग्रजी आवृत्तीतल्या चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रं साधारण एक पंचमांश आहेत. "या क्षेत्रातले महत्त्वाचे शास्त्रज्ञ" अशी यादी तुम्ही तिथून तयार केलीत तर हा कल तुमच्या यादीतही येतो.

पायरी ८: संदर्भ द्यायचा कसा

विकिपीडिया स्वतःच्या लेखांसाठी विकिपीडियाला विश्वासार्ह सोर्स मानत नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम आहे. सर किंवा मॅडम नको म्हणतात ते याच कारणाने योग्य आहे. अपवाद म्हणजे तुमचा विषयच विकिपीडिया असेल, किंवा गाईडने स्पष्ट परवानगी दिली असेल. तेव्हा साधी लिंक देऊ नका. डाव्या बाजूला किंवा टूल्समध्ये "शाश्वत दुवा" असतो, तो तुम्ही वाचलेल्या त्याच आवृत्तीकडे नेतो, तो आणि पाहिल्याची तारीख द्या. कॉलेजात असताना सेमिनारमध्ये मी एक आकडा सांगितला होता, परीक्षकांनी विचारलं म्हणून पान उघडलं तर आकडा बदललेला होता, आणि मी खरंच तिथेच वाचला होता हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून मी वाचतानाच शाश्वत दुवा वहीत घेते.

मजकूर कॉपी करण्याबद्दल एक गैरसमज: विकिपीडियाचा मजकूर मोकळ्या परवान्याखाली आहे म्हणून तो प्रोजेक्टमध्ये चिकटवला तर चालतं असं अनेकांना वाटतं. त्या परवान्यालाही श्रेय द्यावंच लागतं, आणि श्रेय न देता दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून देणं ही कॉलेजच्या नियमात वाङ्मयचौर्याचीच गोष्ट आहे.

पायरी ९: चूक सापडली तर

एवढं सगळं करताना तुम्हाला एक तरी चूक सापडणारच, मला दर वेळी सापडते. ती तशीच सोडून जाऊ नका, तुमच्यानंतर त्याच विषयावर प्रोजेक्ट करणारा मुलगा तेच पान उघडणार आहे. सोपी चूक असेल तर "संपादन करा" वर जाऊन दुरुस्त करा, सोर्स जोडा, आणि खाली बदलाचा सारांश विचारतात तिथे दोन ओळी लिहा, उदाहरणार्थ "फुटनोट ४ मधल्या पुस्तकात हा आकडा नाही, पान ११२ तपासलं". मुद्दा वादाचा असेल तर आधी चर्चा पानावर तेच लिहा आणि थोडे दिवस थांबा. पान लक्ष ठेवण्याच्या यादीत टाका. महिनाभराने उघडून बघा तुमची दुरुस्ती टिकली का, आणि कुणी उलटवली असेल तर रागावण्याआधी तिथला सारांश वाचा, अनेकदा त्या माणसाने तुम्हाला न मिळालेलं एखादं पुस्तक सांगितलेलं असतं.